शेवाळाचा डोळा

डोळा हा शब्द आपण मराठी माणसे फार सढळ हाताने वाटतो. बटाट्याला डोळे फुटतात. उसाच्या कांडीवर डोळा असतो. नारळाला तर चक्क तीन. मोरपिसावर डोळा आहेच. यातल्या एकालाही दिसत नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. (सुईला मात्र आपण नेढे दिले, डोळा दिला नाही. इंग्रजांनी तिलाही डोळा दिला!) दिसण्यावरून पडलेली नावे आहेत ही, आणि बटाटा चिरताना त्याच्या नजरेला नजर द्यायची वेळ कुणावर येत नाही, त्यामुळे चालून जाते.

पण मंडळी, गेल्या काही महिन्यांत असाच एक 'डोळा' आमच्या घरात महागात पडतो आहे. म्हणून आज नेहमीचे विषय बाजूला ठेवून शेवाळावर लिहिते आहे. नातेवाइकांपैकी जे हा ब्लॉग वाचतात त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे. तुमच्यापैकीच दोघा-तिघांनी तो निरोप पुढे पाठवला होता, म्हणून हा आग्रह.

निरोप असा होता: 'शेवाळाच्या डोळ्याने अंधाला दृष्टी दिली!' खाली एका परदेशी बातमीचा फोटो आणि त्याच्याही खाली शेवाळाच्या कॅप्सूलची जाहिरात. माझ्या भावाच्या मुलाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आधी रात्रीचे दिसेनासे झाले, मग कडांनी नजर आत आत येत गेली. आता नळीतून पाहावे तेवढे मधले दिसते. वय चौतीस. त्या निरोपानंतर त्याच्याकडे एक ओळखीचे गृहस्थ आले, आणि तेव्हापासून महिन्याला साडेतीन हजार रुपयांच्या हिरव्या गोळ्या सुरू आहेत. 'आत्या, बातमी तर खरी आहे ना?' एवढेच तो मला विचारतो.

बातमी खरी आहे. म्हणूनच हा सगळा घोळ आहे. बातमी खोटी असती तर दोन ओळींत काम झाले असते.

मी मराठीची बी.ए. शाळेत मराठी शिकवले, आणि विज्ञानाचे शिक्षक कमी पडले की पाचवी ते सातवीचे सामान्य विज्ञानही. तेव्हा हे सगळे मला उपजत येत होते असे नाही. वाचून, शब्दकोश उघडून, आणि आता वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोनवर छळून जे समजले ते लिहिते आहे.

क्लॅमिडोमोनास नावाचे एकपेशीय शेवाळ आहे. डबक्यात, ओल्या मातीत, कुठेही सापडते. जगभरच्या प्रयोगशाळांत जे वाढवतात त्याचा मूळ वाण १९४५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून, बटाट्याच्या शेतातल्या मातीतून घेतलेला. (पुन्हा बटाटा!) आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे शंभर जणांना ओळीत उभे केले तर मिलिमीटर भरेल. आत पेल्याच्या आकाराचे एकच मोठे हिरवे हरितलवक, पुढच्या टोकाला दोन कशाभिका, आणि अंगाच्या मध्यावर, एका बाजूला, एक नारिंगी-लाल ठिपका. या ठिपक्याला म्हणायचे नेत्रबिंदू.

आमच्या वेळच्या पुस्तकात युग्लीनाची आकृती असायची, तिच्यातही असा लाल ठिपका. मुले तो लाल पेन्सिलीने रंगवायची, बाण काढून 'नेत्रबिंदू' लिहायची, आणि अर्धा गुण मिळायचा. त्या बाणापलीकडे त्या ठिपक्याचे काय होते हे कुणी विचारले नाही, आणि अभ्यासक्रमातही नव्हते. माझे मत विचाराल तर विज्ञानात नाव पाठ करून घेण्याइतके नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. नाव मिळाले की मुलाला वाटते, वस्तू कळली.

तर तो ठिपका. त्याला डोळा म्हटले तरी प्रकाश पकडण्याचे काम तो करतच नाही! तो आहे आडोसा. गाजराला ज्या कुळातल्या द्रव्यांमुळे रंग येतो, त्या कॅरोटीन कुळातल्या रंगद्रव्याने भरलेले चरबीचे बारीक गोळे, नीट थरांत रचून ठेवलेले. प्रत्यक्ष प्रकाश जाणणारी प्रथिने असतात त्याच्या बरोबर वर, पेशीच्या बाहेरच्या पटलात. बाहेरून आलेला प्रकाश या प्रथिनांवर पडतो, निसटून आत गेलेला थरांवर आपटून परत त्यांच्यावरच येतो. मांजराचे डोळे रात्री चमकतात ना, तिथेही मागे असाच परतवणारा थर असतो. आणि पेशीच्या पाठीमागून, अंगातून आरपार येणारा प्रकाश मात्र हा ठिपका अडवतो. केनेथ फॉस्टर आणि रॉबर्ट स्मिथ या दोघांनी १९८० साली हे सविस्तर मांडले.

आता गंमत बघा. नुसता प्रकाश आहे की नाही एवढेच कळायचे असेल तर आडोशाची गरज नाही. डोळे घट्ट मिटले तरी दिवा लागल्याचे आपल्याला कळतेच. पण दिवा *कुठे* आहे हे कळायला एका बाजूला सावली लागते. या इवल्याशा जिवाला सावली आपल्या अंगावरच बाळगावी लागते, तीच तो लाल ठिपका.

सावली नसेल तर काय होते? जपानमधल्या संशोधकांनी २०१६ साली याचे उत्तर दिले, आणि ते वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. ज्यांच्या ठिपक्यात रंगद्रव्यच तयार होत नाही असे क्लॅमिडोमोनास त्यांनी तपासले. मला वाटले होते ते गोंधळून कुठेही भटकतील. तसे नाही झाले. ते ठामपणे उलट दिशेला गेले! प्रकाशाकडे जायचे ते प्रकाशापासून दूर. कारण पेशी गोल आणि पारदर्शक, म्हणजे पाण्याच्या थेंबासारखे एक भिंगच. पाठीमागून येणारा प्रकाश त्या भिंगातून एकवटून पलीकडच्या बाजूवर, नेमका त्या प्रथिनांवर, जास्त तेजाने पडतो. ठिपका असता तर त्याने तो अडवला असता. ठिपका नाही, तर पाठीमागचा दिवा पुढे आहे असे त्या बिचाऱ्याला वाटते.

याच वर्षी दुसऱ्या एका गटाने सिनेकोसिस्टिस या नीलहरित जिवाणूबद्दल असेच भिंग दाखवले. तो मात्र भिंगाचा सरळ उपयोग करून घेतो. अंगाच्या ज्या बाजूला तेजाचा ठिपका पडेल तिच्यापासून दूर सरकायचे, म्हणजे आपोआप प्रकाशाकडे जाणे होते. तेच भिंग एकाला अडचण आणि दुसऱ्याला साधन.

एका ठिकाणी बसून, एका बिंदूने, दिशा कशी ठरवणार हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर क्लॅमिडोमोनासच्या पोहण्यात आहे. दोन कशाभिका पुढे नेऊन बाजूंनी मागे ओढायच्या, विहिरीत मुले हात मारतात तसे, पण सेकंदाला पन्नासएक वेळा. या वेगाने तो सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापतो. आणि सरळ जात नाही, स्वतःभोवती गिरक्या घेत जातो, सेकंदाला साधारण दोन. ठिपका कडेला असल्यामुळे दर गिरकीला तो सगळीकडे फिरतो, दीपगृहाच्या झोतासारखा, फक्त उलटा. झोत टाकायचा नाही, घ्यायचा.

दिवा कडेला असेल तर दर फेरीत उजेड-अंधार, उजेड-अंधार असे लुकलुकते. उजेडाच्या क्षणी पेशीत कॅल्शियमचे कण शिरतात. ठिपक्याजवळची कशाभिका आणि लांबची कशाभिका यांच्यावर कॅल्शियमचा परिणाम सारखा होत नाही. एक जोर धरते, दुसरी ढिली पडते, आणि होडीत एकाच बाजूची वल्ही जोरात मारल्यासारखी पेशी वळते. थोडी वळली की पुन्हा फेरी, पुन्हा थोडे वळणे. तोंड दिव्याकडे झाले की लुकलुकणे थांबते. मग सरळ जायचे.

बस, एवढेच. चित्र नाही, आकृती नाही, आठवण नाही. लुकलुक थांबेपर्यंत वळत राहायचे.

आणि प्रकाशाकडेच जातो असेही नाही. मंद उजेडाकडे जातो, कडक उजेडापासून पळतो. सेंट पीटर्सबर्गच्या आंद्रेई फामिन्त्सिन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवले होते. हरितलवकाला ऊन हवे, पण जादा ऊन त्याला इजा करते. पौषात उन्हाला पाठ देऊन बसणारे आणि वैशाखात भिंतीच्या सावलीने चालणारे आपण काय वेगळे करतो! एकदम प्रखर झोत पडला तर मात्र हा जीव दचकतो. क्षणभर थबकतो, चक्क मागे पोहतो, आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागतो.

युग्लीनाचा लाल ठिपकाही आडोसाच बरे का. पण त्याचे प्रकाश जाणणारे प्रथिन क्लॅमिडोमोनासपेक्षा अगदी निराळे आहे, तेही जपानी संशोधकांनी २००२ साली शोधले. दोन्ही आकृत्यांत ठिपका लाल, बाणावर नाव एक, आणि आतले यंत्र वेगळे. वार्नोविइड नावाच्या एकपेशीय जिवांची तर वेगळीच तऱ्हा आहे. त्यांच्याकडे भिंगासारखे, बुबुळाच्या पडद्यासारखे आणि दृष्टिपटलासारखे भाग असलेली रचना एकाच पेशीत असते. आपल्यासारखा खराखुरा डोळा वाटावा अशी! पूर्वी ती पाहून, दुसऱ्या कुठल्या प्राण्याचा डोळा याने गिळला असावा, अशीही शंका घेतली गेली होती. २०१५ साली कळले की तिचा पुढचा पडदा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांचा बनलेला आहे, आणि मागचा भाग हरितलवकाच्या नात्यातल्या घटकाचा. म्हणजे घरातली भांडीकुंडी जुळवून दुर्बीण केलेली. असो. विषय सोडून फार लांब जायला नको.

आता त्या प्रकाश जाणणाऱ्या प्रथिनाकडे येते, कारण गोळ्यांचा प्रश्न तिथे सुटतो.

आपल्या डोळ्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या पोटात रेटिनाल नावाचा छोटा रेणू. रेटिनाल येते जीवनसत्त्व 'अ' पासून. प्रकाशाचा कण आदळला की रेटिनालचा रेणू मुरडतो, आणि पुढची साखळी सुरू होते. शेवाळाकडेही तेच रेटिनाल आहे! फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हे फार सुंदर रीतीने दाखवले. रेटिनाल तयार करू न शकणारे आंधळे क्लॅमिडोमोनास घेतले, पाण्यात रेटिनाल घातले, आणि ते पुन्हा प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागले.

हा प्रयोग वाचला आणि मला शाळेत वाटायचे ते 'अ' जीवनसत्त्वाचे डोस आठवले. गाजर, पपई, शेवग्याचा पाला खा, रातांधळेपणा जाईल, असे मी वर्षानुवर्षे सांगितले, आणि ते बरोबरच होते. आहारात 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की रेटिनाल कमी, रेटिनाल कमी की अंधुक उजेडात दिसत नाही. पुरवठा केला की दिसू लागते. त्या आंधळ्या शेवाळाचे जे झाले तेच.

त्या ओळखीच्या गृहस्थांनी हाच धागा पकडला. 'शेवाळाच्या डोळ्यात कॅरोटीन असते, कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ, त्यापासून दृष्टी, आणि तुमच्या भाच्यालाही रातांधळेपणाच आहे ना?' एकेक वाक्य सुटे घेतले तर जवळजवळ खरे! पण भाच्याचा रातांधळेपणा वेगळा. रेटिनायटिस पिग्मेंटोसात रेटिनाल कमी पडलेले नसते, ते जिथे वापरायचे त्या दृष्टिपटलातल्या पेशीच एकेक करून मरतात. दिव्यात तेल नसेल तर तेल घाला, पण पणतीच फुटली असेल तर? उलट जीवनसत्त्व 'अ' शरीरात साठते आणि फार झाले तर यकृताला बाधते, हे डॉक्टर सांगतातच.

मग बातमीतल्या माणसाला दिसले ते कशाने?

शेवाळाच्या प्रथिनात आणि आपल्या प्रथिनात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे प्रकाश पडला की जणू बेल वाजते, मग आतला माणूस दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी पेशीच्या दारांची उघडझाप बदलते. शेवाळाकडे हे मधले लोकच नाहीत. ते प्रथिन स्वतःच दार आहे. प्रकाश पडला की दार उघडते आणि विद्युतभार असलेले कण आत शिरतात. २००२ आणि २००३ मध्ये जर्मनीतल्या पीटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केले. या प्रथिनाचे जनुक त्यांनी बेडकाच्या अंड्यात घातले, निळा प्रकाश टाकला, आणि अंड्यातून वीज वाहिली. त्या निबंधांवर सुनील कटेरिया या भारतीय संशोधकाचेही नाव आहे. नंतर ते दिल्लीत प्राध्यापक झाले. प्रथिनाचे नाव ठेवले चॅनेलऱ्होडॉप्सिन.

एकच प्रथिन, एकच जनुक, आणि प्रकाशाने उघडणारे दार. हे दार मेंदूतल्या पेशीला बसवले तर? २००५ साली कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडेन आणि मंडळींनी उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या चेतापेशींना ते बसवून दाखवले. दिवा लावला की पेशी संदेश सोडते. मेंदूचा अभ्यास करण्याची एक नवी शाखाच त्यातून उभी राहिली, तिला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. २०२१ साली हेगेमान, डायसेरॉथ आणि हेगेमान यांचे गुरू डीटर ओस्टरहेल्ट या तिघांना अमेरिकेतले मोठे लास्कर पारितोषिक मिळाले.

आणि त्याच २०२१ साली ती बातमी आली. फ्रान्समधल्या अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना हाच आजार, निदान होऊन चाळीस वर्षे झालेली. फक्त उजेड आहे की नाही एवढेच कळत होते. होजे-आलँ साहेल आणि बोतोंड रोस्का यांच्या गटाने त्यांच्या एका डोळ्यात इंजेक्शन दिले. त्यात निरुपद्रवी केलेला विषाणू होता, आणि विषाणूच्या पोटात क्लॅमिडोमोनासच्याच एका भाऊबंदाकडून घेऊन थोडे बदललेले जनुक. हे जनुक गेले दृष्टिपटलाच्या अशा पेशींत ज्या प्रकाश जाणत नाहीत, फक्त मेंदूकडे संदेश नेतात, आणि या आजारात मागे उरतात. पणती फुटलेली, पण तार शाबूत. त्या तारेलाच प्रकाश कळेल असे केले.

पुढे महिनोन्‌महिने वाट पाहणे आणि सराव. शिवाय एक खास गॉगल. त्यातला कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो आणि पिवळसर-केशरी प्रकाशाच्या रूपात डोळ्यात टाकतो, कारण बसवलेले प्रथिन त्याच रंगाच्या तेजस्वी प्रकाशाला उघडते. गॉगल घालून त्यांना टेबलावरची वही हाताला लावता येऊ लागली, शंभरात ब्याण्णव वेळा. पिनांचा छोटा डबा मात्र शंभरात छत्तीसच वेळा. रस्त्यावर पांढरे पट्टे दिसले. चेहरे नाहीत, वाचन नाही. गॉगल काढला की काही नाही.

आता मला सांगा, यात गिळायचे काय आहे? भाच्याला मी असेच विचारले. शेवाळाचे प्रथिन पोटात गेले की त्याचे तेच होते जे तुरीच्या डाळीच्या प्रथिनाचे होते. तुकडे होऊन पचते. जनुके तर आपण रोज खातो, मेथीच्या भाजीत काय कमी जनुके असतात? मेथी खाऊन कुणी हिरवे झाले नाही. शिवाय त्या डब्यावर लिहिले आहे स्पिरुलिना. ते तर क्लॅमिडोमोनास नव्हेच, नीलहरित जिवाणू आहे. त्याला ना तो लाल ठिपका, ना ते दार. म्हणजे ज्या शेवाळाची बातमी, ते डब्यात नाहीच! स्पिरुलिना खाऊ नका असे मी म्हणत नाही. ज्याला आवडते त्याने प्रथिनासाठी खावे. दृष्टीसाठी महिन्याला साडेतीन हजार घेणे ही फसवणूक आहे, आणि ती मी फसवणूकच म्हणणार, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो आणि कितीही गोड बोलो.

घरातल्या काहींचे म्हणणे पडले की 'बाई, गोळ्यांनी निदान त्याला आशा तरी आहे, ती कशाला काढून घेता?' हे मला पटत नाही. मी आशा काढून घेत नाही, ती कुठे ठेवायची ते सांगते आहे. खरी बातमी वाचली तर त्यात आशा आहेच. त्या तारेच्या पेशी टिकून असतील तर उद्या काही होऊ शकेल, म्हणून डोळ्यांची नियमित तपासणी चुकवू नये. हा आजार एकच नाही, अनेक जनुकांतल्या बिघाडांनी होतो. त्यातल्या आरपीई-६५ नावाच्या एका जनुकासाठी तर अमेरिकेत २०१७ मध्ये जनुक-उपचाराला मान्यताही मिळाली. आपला बिघाड कोणता हे जनुकीय तपासणीने कळू शकते. शेवाळाच्या दाराचा उपचार मात्र कोणत्या जनुकाने पेशी मेल्या याला बांधलेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. हे सगळे भाच्याला समजेल असे आहे, तो इंजिनिअर आहे. त्याला कुणी समजावून सांगितले नव्हते, फक्त धीर दिला होता. गोळ्यांच्या चार महिन्यांच्या पैशांत बहुधा तपासणीचा बराचसा खर्च निघेल असे त्याचे त्यानेच गणित मांडले.

आणखी एक. माझ्या पिढीतले पुष्कळ लोक विचारतात, डबक्यातले शेवाळ कुठे वळते याचा अभ्यास करायला सरकारने पैसे का द्यावेत. फामिन्त्सिन यांना कुणी विचारले असेल तर त्यांच्याकडे उपयोगाचे उत्तर नक्कीच नव्हते. फॉस्टर यांच्याकडे १९८४ मध्येही नसेल. पण मी हे उदाहरण जपून वापरते, कारण दर शेवाळातून औषध निघणार नाही, आणि तसे वचन देऊन पैसे मागणे हे त्या गोळ्यावाल्याच्या वाटेने जाणे झाले. एक पेशी अंधार-उजेड मोजून वळते कशी, हे कळणे मला स्वतःलाच पुरेसे मोलाचे वाटते. त्यातून एका माणसाला वही सापडली हे वरचे.

'आत्या, मग त्या शेवाळाला दिसतं का गं?' असे भाच्याने परवा विचारले. मी म्हटले, आपण म्हणतो तसे नाही. त्याला उजेडाची बाजू कळते, आणि ती कळायला स्वतःभोवती फिरावे लागते. तो म्हणाला, 'मीपण आता मान फिरवून फिरवूनच खोली बघतो.' त्यावर मी काही बोलले नाही. तोच हसला आणि पुढे म्हणाला, 'पण माझ्या मधल्या तुकड्यात चित्र आहे हां अजून.'

त्याला आणि त्याच्या मुलीला मी एक जुना प्रयोग करायला सांगितला आहे, तुम्हीही नातवंडांबरोबर करून पाहा. डबक्यातले किंवा कुंडीखालच्या ताटलीतले हिरवे पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचे, बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, आणि कागदाला एका बाजूला बोटभर रुंद चीर द्यायची. चिरेची बाजू खिडकीकडे करून ठेवायची. भर उन्हात नको, नाहीतर सगळी मंडळी पळतील. पाण्यात पोहणारी शेवाळे असतील तर तासा-दोन तासांनी कागद काढल्यावर काचेवर चिरेच्या जागी हिरवी रेघ दिसते. शाळेत मुले चिरेऐवजी चांदणी कापायची. कधी उमटायची, कधी नाही. पाण्यावर अवलंबून. नुसते लोंबणारे, दोऱ्यासारखे शेवाळ घेतले तर काही होणार नाही, पाणीच हिरवे हवे.

रेटिनायटिस पिग्मेंटोसाची जनुकीय तपासणी पुण्या-मुंबईत कुणी करून घेतली असेल, तर साधारण किती दिवस लागले आणि अहवाल समजावून सांगायला डॉक्टरांनी वेळ दिला का, एवढे मला जरूर कळवा. आणि तो निरोप ज्यांनी पुढे पाठवला होता त्यांनी हा लेखही त्याच सगळ्यांना पाठवावा, ही विनंती.